आधी प्रश्न कोणाचा?

मागच्या हिवाळ्यात पारशिवनीला आम्ही दहाबारा जण एका समाजमंदिरात बसलो होतो. दोन शिक्षक, नागपूरला समाजकार्य शिकणारे विद्यार्थी, एक निवृत्त ग्रामसेवक आणि जिल्ह्यातल्या एका लहान गावाहून आलेले चार सफाई कामगार. त्या गावात शौचालयाच्या टाक्या उपसण्यासाठी नवे यंत्र आणण्याचे घाटत होते. त्या प्रयोगाचा 'अभ्यास' आमच्या एका विद्यार्थ्याकडे आला होता. त्याने बेचाळीस प्रश्नांची प्रश्नावली करून आणली होती. यंत्राने वेळ किती वाचेल, खर्च किती येईल, कामगार समाधानी आहेत काय, वगैरे. चौघांतल्या वयस्क बाईंनी सगळे निमूट ऐकून घेतले आणि विचारले, "बाबू, झाकन कोन उघडते, ते नाही लिवलं यात?"

विद्यार्थी गप्प झाला. खरे म्हणजे आम्ही सगळेच गप्प झालो.

सरकारी कारभारात नवनवे प्रयोग होत असतात. यंत्र येते, योजना येते, तिच्या मागोमाग पाहणी येते. पाहणीचा कागद हाती पडतो तेव्हा प्रश्न आधीच ठरून गेलेले असतात. आपण फक्त उत्तरे द्यायची. ज्याच्या अंगावर तो प्रयोग होणार त्याला प्रश्न ठरवण्याचा अधिकार का नाही, हे आपले विद्यापीठ क्वचितच विचारते. प्रश्न मांडण्यापूर्वी क्रमाने, लिहून, एकमेकांसमोर विचार करण्याची एक पद्धत आहे. तिला मी क्रमबद्ध चिंतन म्हणतो. शब्द जड आहे, पण गोष्ट आपल्या परंपरेला परकी नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात होते. तेथे जॉन ड्यूई हे त्यांचे शिक्षक होते. ड्यूईंनी १९१० साली 'हाऊ वुई थिंक' या ग्रंथात विचाराच्या पाच पायऱ्या सांगितल्या. अडचण जाणवणे, ती नेमकी कोठे व कोणती आहे हे ठरवणे, उपाय सुचणे, त्या उपायातून काय काय निष्पन्न होईल हे तर्काने तपासणे आणि शेवटी निरीक्षणाने वा प्रयोगाने तो स्वीकारणे किंवा टाकून देणे. आमच्या विद्यार्थ्याची प्रश्नावली पाहा. ती तिसऱ्या पायरीवर सुरू होते. उपाय ठरला, यंत्र ठरले. अडचण कोणाला जाणवली आणि ती कोठे आहे, या दोन पायऱ्या कोणीतरी कार्यालयात बसून परस्पर उरकून टाकल्या आहेत.

याहून जुना आधारही आहे. मज्झिमनिकायातील अंबलट्ठिक राहुलोवाद सुत्तात बुद्ध राहुलाला आरसा कशासाठी असतो असे विचारतात. मग सांगतात, कृती करण्यापूर्वी, करीत असताना आणि केल्यानंतर तिच्याकडे पुन्हा पाहा. तिने आपल्याला, दुसऱ्याला की दोघांनाही पीडा होते, हे तपासा. सम्राट अशोकाने भाब्रू येथील लेखात भिक्षू व उपासकांसाठी जी धम्मवचने सुचवली, त्यांत राहुलाला केलेल्या खोटे बोलण्याविषयीच्या उपदेशाचे नाव आहे. आमच्याकडे विहारात सुत्ते म्हटली जातात, पण कृती चालू असतानाच तिच्याकडे पाहा, हा मधला भाग आम्ही फारसा मनावर घेत नाही. सरकारी पाहणीलाही तोच भाग नको असतो. प्रयोग संपल्यावर अहवाल येतो.

प्रश्न चुकला की काय होते, हे आपल्याच राज्याच्या इतिहासात दिसते. तेव्हाच्या मुंबई सरकारने १९४९ साली वि. ना. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली भंगी कामगारांच्या राहणीमानाची चौकशी करणारी समिती नेमली. तिचा अहवाल १९५२ साली आला. पुढे केंद्राने त्यातील प्रमुख शिफारशी राज्यांकडे पाठवल्या. १९५७ साली मलकानी समिती नेमली गेली. डोक्यावरून मैला वाहणे बंद व्हावे, ढकलगाड्या याव्यात, अवजारे सुधारावीत, असा या सगळ्याचा रोख होता. या माणसांनी कळकळीने काम केले, हे मी नाकारत नाही. परंतु मुख्य प्रश्न राहिला तो 'हे काम कमी घाण कसे होईल' असा. 'हे काम याच जातीकडे का' हा प्रश्न अवजारांच्या यादीत मावणारा नव्हता. घरोघरची सफाई हा जणू काही कुटुंबांचा वंशपरंपरागत हक्क, म्हणजे 'घरकी', बनला होता. त्या हक्काचा विचार करण्यासाठी १९६५ साली मलकानींच्याच अध्यक्षतेखाली पुन्हा वेगळी समिती नेमावी लागली. बंदीचा पहिला केंद्रीय कायदा यायला १९९३ साल उजाडले. टाक्या व गटारांची धोकादायक सफाईही ज्यात आली, तो दुसरा कायदा २०१३ सालचा. तो अमलात आला ६ डिसेंबरला!

पारशिवनीच्या बैठकीत आम्ही प्रश्नावली बाजूला ठेवली आणि चार कोरे कागद भिंतीला लावले. आपण आज काय करतो? ते करताना काय होते आणि कोणाला होते? आपण काय गृहीत धरून चाललो आहोत? काय कळले तर आपला निर्णय बदलेल? पहिल्या अर्ध्या तासात एकटे ग्रामसेवकच बोलत होते. माणूस सज्जन, पण आयुष्यभर उत्तरे देण्याची सवय. मग नियम केला, की ज्याने कधी हुकूम दिला आहे त्याने शेवटी बोलायचे. त्यांनी हसून मान्य केले. हा नियम मला त्या दिवसातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते.

मग कागद भरू लागले. यंत्राचा पाइप पातळ मैला ओढतो, पण तळाशी बसलेला घट्ट गाळ ढिला करायला माणूसच लागतो. झाकण उघडताच विषारी वायू अंगावर येतो. कित्येक टाक्या जिन्याखाली किंवा स्वयंपाकघरालगत बांधलेल्या असतात, तेथवर गाडी पोचतच नाही. आणि सर्वांत मोठी गोष्ट तिसऱ्या कागदावर आली. दिवसा कार्यालयाच्या कामाला जाणाऱ्या या कामगारांना रात्री घरमालक परस्पर बोलावतात. त्याची नोंद कोठेच नाही. कामाच्या वेळेत यंत्राचा अभ्यास करणाऱ्याला ही रात्र कधीच दिसणार नाही. ती जुनी घरकीच, फक्त आता तिला नाव उरलेले नाही.

येथे मला स्वतःविषयी सांगितले पाहिजे. मी शिक्षक, घर पक्के, मागे टाकी आहे. ती दोनदा उपसली गेली. कोणी उपसली, हे मी विचारले नव्हते. धम्म स्वीकारून आपण गावकीची कामे टाकली, हे योग्यच केले. पण ती कामे ज्यांच्या गळ्यात राहिली, त्यांच्याकडे आपण किती वेळा वळून पाहिले?

बैठकीत अडचण आलीच. निर्णय आजच घ्या, यंत्राला होकार की नकार, असा आग्रह एकाने धरला. तेव्हा मेंढा (लेखा) या गडचिरोलीतल्या गावाची आठवण उपयोगी पडली. तेथे अभ्यास गट आणि ग्रामसभा वेगळ्या ठेवल्या जातात. अभ्यास गटात कोणीही यावे, शंका काढाव्यात, बाहेरचा जाणकारही बोलवावा. पण तेथे निर्णय होत नाही. निर्णय ग्रामसभेत आणि सर्वसहमतीने. २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत हे गाव आले, त्यामागे अशा अभ्यासाची मोठी तयारी होती. आदिवासी गाव आणि ठेकेदाराकडे राबणारे कामगार यांची तुलना पूर्ण जुळत नाही, हे मी जाणतो. गावाला जंगल आहे, या चौघांना नियुक्तीचा कागदही नाही. बोललेले मुकादमाच्या कानावर गेले तर सकाळी कामावर घेतले जाईलच असे नाही. म्हणून आम्ही कागदांवर कोणाचेही नाव लिहिले नाही.

बेचाळीस प्रश्नांचे आता नऊ झाले आहेत. पहिला, झाकण कोण उघडते आणि कोणाच्या हुकमाने. दुसरा, तळाचा गाळ यंत्र काढते की माणूस. तिसरा, रात्रीचे काम कोण देते. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा मृत्यूंसाठी दहा लाखांची भरपाई ठरवली आणि २०२३ साली ती तीस लाख केली. हे चौघांपैकी एकालाही ठाऊक नव्हते. म्हणून नववा प्रश्न आहे, कायद्यात काय लिहिले आहे हे तुम्हाला कोणी सांगितले का. आमच्या विद्यार्थ्याने हा नवा आराखडा संबंधित कार्यालयाला दिला आहे. तेथून अजून उत्तर नाही. आम्ही पुन्हा मे महिन्यात बसणार आहोत. बाईंनीच ते ठरवले. पावसाळा लागला की टाक्या भरतात आणि मग त्यांना यायला सवड मिळत नाही.