अंगणातलं झाड: निवड आणि निगा



मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं आणि आज मला झाडांवर बोलायला उभं केलं आहे. संयोजकांना मी म्हणालो, अहो, मी वनस्पतिशास्त्राचा माणूस नाही. ते म्हणाले, सोसायटीची बाग सांभाळता ना, तेवढं पुरे. तेव्हा माझा अधिकार तेवढाच, हे आधी सांगून टाकतो.

सुरुवात एका चुकीपासून करतो. आमच्या फाटकाजवळ एक गुलमोहर होता, पंचवीसेक वर्षांचा. मे महिन्यात खाली लाल सडा पडायचा. पावसात चिखल होतो म्हणून आम्ही सगळीकडे पेव्हर ब्लॉक घातले, अगदी खोडाला टेकवून. त्या वेळी सचिव मीच होतो. फांद्या तारांना लागतात म्हणून वरून शेंडाही उडवला. चार वर्षांनी, जूनच्या पहिल्याच वादळात झाड आडवं झालं. दोन गाड्यांचा चुराडा झाला. खाली कोणी नव्हतं, हे नशीब. पुढच्या सभेत ठराव आला, यापुढे आवारात मोठं झाड लावायचं नाही. भराभर हात वर झाले. मी उठून म्हणालो की दोष झाडाचा नाही, आपला आहे. एकाने विचारलं, "सर, नेमका कुठे?" मला उत्तर देता आलं नाही. ते नंतर शोधलं. आज तेच सांगतो.

पहिला दोष निवडीचा. ॲरिस्टॉटलचा एक विचार इथे फार उपयोगी पडतो. बी म्हणजे काय हे समजायचं, तर त्यातून पुढे काय होणार हे आधी समजावं लागतं. पूर्ण वाढलेलं झाड काळाच्या क्रमात नंतर येतं, पण समजण्याच्या क्रमात ते आधी आहे. रोपवाटिकेत आपण बरोबर उलटं करतो. पिशवीतलं दोन फुटांचं रोप बघतो, त्याला आलेली चार फुलं बघतो आणि घरी आणतो.

गुलमोहर मूळचा मादागास्करचा. त्याची छत्री रुंद पसरते, मुळं उथळ असतात आणि लाकूड ठिसूळ. मोकळ्या मैदानात त्याच्यासारखा देखणा दुसरा नाही. भिंत, तारा आणि गाड्या यांच्यामध्ये तो लावला, तर भांडण पहिल्या दिवसापासून ठरलेलं आहे. सप्तपर्णीचंही तसंच. शांतिनिकेतनात पदवीदान समारंभात तिचं पान देतात, इतका तिचा मान. पण झाड मोठं होतं आणि पावसाळा सरल्यावर रात्री तिच्या फुलांचा वास इतका उग्र येतो की काहींना तो सोसत नाही. बेडरूमच्या खिडकीशी ती लावू नये.

मग लावायचं काय? ढोबळ हिशोब सांगतो. भिंतीपासून आठ-दहा फूटच जागा असेल, तर पारिजातक, कांचन, तगर, चाफा. पंधरा फुटांच्या पुढे जागा असेल, तर बहावा किंवा ताम्हण. ताम्हण हे आपलं राज्यफूल, उन्हाळ्यात जांभळं फुलतं. ते मूळ ओढ्याकाठचं झाड, म्हणून त्याला ओल आवडते. बहावा कोरड्या जागेतही तग धरतो. गुलमोहर, सोनमोहर, सप्तपर्णी यांना तीस फूट तरी मोकळे हवेत. वर तारा आहेत का, खाली ड्रेनेजची लाईन आहे का, हे आधी बघायचं. आवड त्यानंतर.

दुसरा दोष मुळांविषयीच्या गैरसमजाचा. आपल्याला वाटतं, वर जेवढं झाड तेवढंच सरळ खाली मूळ. तसं नसतं. पाणी आणि अन्न घेणारी बहुतेक मुळं वरच्या फूट-दीड फुटात असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही जातात. मुळांना श्वास घ्यायला हवा लागते. खोडापर्यंत सिमेंट नेलं की ती गुदमरतात, कुजतात. वरून झाड हिरवं दिसतं आणि खालची पकड गेलेली असते. आमचा गुलमोहर पडला तेव्हा मुळांचा जो तुकडा वर आला, तो एवढ्याशा ताटाएवढा होता. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीत झाडाभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितलं, ते याचसाठी. हे किमान आहे, बरं का. जास्त सोडता आली तर सोडा.

आता लावण्याची रीत. मे महिन्यात दोन फूट लांब, रुंद, खोल खड्डा घ्या आणि उन्हात तापू द्या. पाऊस स्थिरावला की माती आणि कुजलेलं शेणखत घालून रोप लावा. पिशवी फाडून काढा, हुंडी फुटू देऊ नका. तळाशी मुळं गोल गोल गुंडाळली असतील, तर तेवढी कात्रीने कापा. नाहीतर ती तशीच जाड होतात आणि झाडाचाच गळा आवळतात. रोप पिशवीत जेवढं मातीत होतं, तेवढंच जमिनीत राहू द्या. खोडाशी मातीचा ढीग नको. आधाराची काठी वर्षभर पुरते. दोरी सैल बांधा. वाऱ्यात थोडं हललं तरच खोड बळकट होतं.

पाणी रोज तांब्याभर घालू नका. त्याने मुळं वरच्यावर राहतात. उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा, पण आळं भरून द्या. आळं फांद्यांबरोबर रुंद करत न्या आणि त्यात पालापाचोळा पसरा. तो झाडून जाळतात, त्याचं मला नेहमी नवल वाटतं. घरचं खत जाळायचं आणि बाजारातून विकत आणायचं! असे तीन उन्हाळे सांभाळा. पुढे झाड आपलं आपण बघतं.

तिसरा दोष छाटणीचा. शेंडा उडवला की झाड आटोक्यात राहतं, असं वाटतं. कापलेल्या जागी धुमारे भराभर फुटतात, पण त्यांचा जोड वरवरचा असतो. तेच वादळात मोडतात. कापल्या जागी पाणी मुरतं, बुरशी शिरते. फांदी काढायचीच तर तिच्या जोडाशी काढावी, मध्येच खुंट ठेवू नये. आणि शहरात झाड तोडायचं असेल, तर १९७५ च्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते, हे विसरू नका.

झुडपांची गोष्ट वेगळी. मोगरा डिसेंबर-जानेवारीत छाटून खत दिलं, तर नव्या फुटीवर उन्हाळाभर फुलतो. पारिजातक फुलून गेल्यावर छाटा. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण दिसला तर साबणाच्या पाण्याने धुवा. बोगनवेलीला पाणी जास्त झालं की नुसती पानं येतात. तिला थोडं कोरडं ठेवलं की ती रंगते. म्हणजे माया सगळ्यांवर सारखी, पण वागणूक ज्याच्या त्याच्या स्वभावाप्रमाणे. वर्गात हे शिकायला मला बरीच वर्षं लागली होती.

सभेत ठराव बदलायला दोन वर्षं गेली. शेवटी ब्लॉक उखडून सहा फुटांचा चौकोन मोकळा केला आणि फाटकापासून आत, तारांपासून दूर, एक ताम्हण लावलं. हा त्याचा तिसरा उन्हाळा. यंदा फूल नाही आलं. शेजारच्या मुलांनी विचारलं, आजोबा, कधी येणार? मी म्हटलं, येईल. तुम्ही त्याचं आळं तेवढं बुजू देऊ नका.

थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.