पडद्यावरील चित्र आणि खरी वस्तु

घरांतील संगणक सकाळीं सुरू करावा आणि काल रात्रीपर्यंत पडद्यावर असलेलीं चित्रें दिसेनाशीं व्हावीं, किंवा त्यांच्या जागीं कोऱ्या कागदासारखे पांढरे चौकोन दिसावे, म्हणजे गृहस्थाच्या छातींत धस्स होतें. मुलीचा प्रबंध, विम्याचे कागद, लग्नाचे फोटो, सारें गेलें अशी समजूत होऊन घरांत एकच धांदल उडते. कोणी घाईघाईनें सारी यंत्रणा नव्यानें भरावयास सांगतो आणि जें शाबूत होतें तेंहि पुसून बसतो. वास्तविक अशा पुष्कळ प्रसंगीं गेलेलें कांहींच नसतें.

तें कसें, हें कळण्यासाठीं शॉर्टकट म्हणजे काय तें आधीं पाहिलें पाहिजे. वाचनालयांत ग्रंथ कपाटांत असतो आणि त्याच्या नांवाचें कार्ड सूचीच्या खणांत असतें. कार्डांत ग्रंथ नसतो. तो कोणत्या कपाटांत आहे एवढेंच त्यावर लिहिलेलें असतें. शॉर्टकट हें असेंच एक कार्ड होय. विंडोज प्रणालींत ती एक इवलीशी फाइल असून तिच्यांत मूळ वस्तूचा पत्ता आणि कोणतें चित्र दाखवावें याची नोंद असते. चित्राच्या खालच्या डाव्या कोपऱ्यांतील वांकडा बाण ही तिची खूण. १९९५ च्या ऑगस्टमध्यें विंडोज ९५ निघाली तेव्हां ही सोय विंडोज वापरणाऱ्यांच्या घरीं आली. मॅकिंटॉशवर ती ‘एलियस’ या नांवानें १९९१ सालींच आली होती.

बाण असलेलें चित्र पुसलें तर फक्त कार्ड फाटतें. बाण नसलेली फाइल किंवा फोल्डर पुसला तर मात्र ग्रंथच जातो. हा भेद ठाऊक नसल्यानें होणारें नुकसान नेहमीं पुसण्यांतच होतें असें नाहीं. अर्जाच्या शेवटच्या दिवशीं एखादा विद्यार्थी पडद्यावरील चित्र पेन ड्राइव्हवर उतरवून छपाईच्या दुकानीं जातो आणि तेथें तें उघडत नाहीं. त्यानें बरोबर आणला तो नुसता पत्ता, आणि तोहि घरच्या कपाटाचा! फाइलीचें आकारमान अवघें एक-दोन किलोबाइट दिसलें, तर घरून निघण्यापूर्वींच शंका घ्यावी.

आतां बिघाडाची परीक्षा. चित्र पांढरें पडलें असेल तर प्रथम त्यावर दोनदां टिचकी मारून पाहावें. प्रोग्रॅम नेहमीप्रमाणें उघडला, तर कार्ड आणि ग्रंथ दोन्ही ठीक आहेत, केवळ चित्र बिघडलें आहे असें समजावें. चित्रें भराभर दाखवितां यावींत म्हणून विंडोज त्यांचा एक निराळा सांठा करून ठेवते. तो सांठा बिघडला कीं चित्रें कोरीं किंवा भलतींच दिसतात. संगणक बंद करून पुन्हा सुरू केल्यानें हें कित्येकदां सुधारतें. न सुधारल्यास त्या चित्रावर माउसची उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’मध्यें जावें आणि ‘चेंज आयकॉन’ने चित्र पुन्हा नेमून द्यावें.

उलट, मूळ वस्तु हलविली किंवा बदलली गेली आहे, शॉर्टकट पुसावा काय, असा प्रश्न पडद्यावर आला, तर पत्ता चुकला आहे. प्रश्नाची ही भाषा धडकी भरविणारी आहे खरी; पण ‘होय’ म्हटल्यानें जातें तें निरुपयोगी कार्ड. तरीहि आधीं ‘प्रॉपर्टीज’मधील ‘टार्गेट’ या ओळींतील पत्ता उतरून घ्यावा, कारण हरवलेल्या वस्तूचा शोध तेथूनच सुरू करावयाचा असतो. फाइल ‘रिसायकल बिन’मध्यें आहे काय तें पाहावें. ती बाहेरून जोडावयाच्या डिस्कवर असेल, तर डिस्क जोडली आहे ना आणि तिचें अक्षर ‘डी’चें ‘ई’ तर झालें नाहीं ना, हें पाहावें. मूळ फाइल सांपडली कीं तिचा नवा शॉर्टकट करावयास अर्धें मिनिटहि लागत नाहीं.

सारींच चित्रें एका क्षणीं नाहींशीं झालीं, तर तीं पुसलीं गेलीं असण्यापेक्षां लपविलीं गेलीं असण्याचा संभव अधिक. पडद्याच्या मोकळ्या जागीं उजवी कळ दाबावी आणि ‘व्ह्यू’खालीं ‘शो डेस्कटॉप आयकॉन्स’ यापुढील खूण गेली आहे काय तें पाहावें. घरांतील लहान मुलाच्या हातूनहि ती सहज निघते. ‘वनड्राइव्ह’ची राखण मध्येंच बंद केल्यासहि पडदा ओसाड दिसतो. फाइली त्या वेळीं वनड्राइव्हच्या फोल्डरांतील ‘डेस्कटॉप’मध्यें असतात.

हा घोटाळा घरगुती माणसांच्याच हातून होतो असें मात्र नव्हे. १३ जानेवारी २०२३ रोजीं मायक्रोसॉफ्टच्या ‘डिफेंडर’ या संरक्षक प्रोग्रॅमच्या एका सदोष सुधारणेमुळें अनेक कचेऱ्यांतील संगणकांवरचे शॉर्टकट आपोआप पुसले गेले. प्रोग्रॅम आपापल्या जागीं होते. पुढें कंपनीलाच कार्डें नव्यानें लिहिण्याचें साधन पुरवावें लागलें.

एका बाबतींत मात्र शॉर्टकट खरोखरच भिण्याजोगा असतो. दुकानांतून आणलेल्या पेन ड्राइव्हवर आपल्या फोल्डरांच्या जागीं त्याच नांवांचे शॉर्टकट दिसूं लागले, तर तें विषाणूचें काम समजावें. खरे फोल्डर त्यानें लपविलेले असतात, आणि शॉर्टकटवर टिचकी मारतांच तो घरच्या संगणकांत शिरतो. २०१० सालीं उघडकीस आलेला ‘स्टक्सनेट’ तर याहून पुढें गेला होता: त्याचें चित्र पडद्यावर नुसतें दिसलें तरी पुरे होई. त्या वर्षींच्या ऑगस्टमध्यें मायक्रोसॉफ्टनें ती वाट बुजविली. असा पेन ड्राइव्ह हातीं आल्यास कशावरहि टिचकी न मारतां तो प्रथम विषाणुरोधक प्रोग्रॅमकडून तपासून घ्यावा. मग फोल्डरांच्या पर्यायांत जाऊन लपविलेल्या आणि संरक्षित फाइली दाखवावयास सांगाव्या. हरवलेले फोल्डर फिकट रंगांत तेथेंच दिसूं लागतात. ते संगणकावर सुखरूप उतरवून घेईपर्यंत पेन ड्राइव्ह फॉरमॅट करूं नये.