लिंबात मासा खरंच शिजतो का? कोल्हापूरच्या घरात करता येईल अशी कोळंबीची हलकी डिश

मोबाईलवर सध्या एक रेसिपी बरीच फिरतेय. कच्च्या माशाचे तुकडे लिंबाच्या रसात टाकायचे, वरून कांदा, मिरची, कोथिंबीर, आणि अर्ध्या तासात डिश तयार. गॅस नाही, तेल नाही, भात-भाकरी नाही. घरात कोणाला शुगर असेल तर ‘कार्ब्स नाहीत, बिनधास्त खा’ असं सांगून ती पुढे पाठवली जाते. डिश चांगली आहे, चवीलाही आणि तब्येतीलाही. पण कोल्हापुरात ती आहे तशी करू नये.

या पदार्थाचं नाव सेविचे. तो दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाचा. २०२३ मध्ये युनेस्कोने पेरूच्या सेविचेला सांस्कृतिक वारशाच्या यादीत जागा दिली. तिथे समुद्रकिनाऱ्यावर सकाळी पकडलेला मासा दुपारी लिंबात पडतो. आपल्याकडे रत्नागिरीचा मासा आंबा घाट चढून साधारण १३० किलोमीटर येतो, मालवणचा गगनबावडा किंवा फोंडा घाटाने. वाटेत बर्फ किती होता, गाडी किती वेळ थांबली, हे विक्रेत्यालाही नीट माहीत नसतं.

आता मुख्य मुद्दा. लिंबाच्या रसात कोळंबी टाकली की ती पारदर्शक राहत नाही, पांढरी-गुलाबी आणि घट्ट होते. बघणाऱ्याला वाटतं शिजली. लिंबातल्या आम्लाने माशातल्या प्रथिनांची घडी मोडते, उष्णतेनेही तेच होतं, म्हणून दोन्ही सारखं दिसतं. फरक एवढाच की उष्णता जंतू मारते आणि लिंबू ते काम पुरतं करत नाही. काही जंतू कमी होतात, बाकीचे तसेच राहतात. माशातल्या कृमींच्या अळ्यांना तर लिंबाचं फारसं काही वाटत नाही. १९९१ मध्ये पेरूत कॉलऱ्याची मोठी साथ आली, वर्षभरात तीन लाखांहून जास्त रुग्ण. दूषित पाणी हे त्याचं मोठं कारण होतं, पण कच्च्या समुद्री अन्नावरही बोट ठेवलं गेलं.

परदेशात यावर फ्रीझिंगचा उपाय करतात. उणे २० अंशावर सलग ७ दिवस मासा ठेवला की कृमी मरतात. पण बॅक्टेरिया त्यानेही मरत नाहीत. शिवाय आपला घरचा फ्रीज दिवसातून वीसदा उघडतो, मध्येच लाईट जाते. त्या भरवशावर दादीला किंवा गरोदर सुनेला कच्चा मासा खायला घालायचा? नकोच.

मार्ग सोपा आहे: आधी उकळत्या पाण्यात शिजवायचं, मग लिंबात मुरवायचं. पेरूतही कोळंबी असेल तर अनेक जण असंच करतात, त्यामुळे यात काही कमीपणा नाही. आंबट, तिखट, थंडगार चव तीच मिळते.

चार माणसांसाठी अर्धा किलो मध्यम कोळंबी घ्या. साफ केल्यावर अडीचशे-तीनशे ग्रॅम उरते. घेताना डोकं अंगाला घट्ट चिकटलेलं आहे ना, काळं पडलेलं नाही ना, ते बघा. अमोनियासारखा वास आला तर पुढे चला, भाव कितीही कमी असू दे. ‘कधी आलाय माल?’ हे विचारायला लाजू नका. १ जून ते ३१ जुलै समुद्रात मासेमारी बंदी असते. त्या काळात चांगल्या कंपनीची फ्रोजन कोळंबी घ्या आणि ती ओट्यावर नाही, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात विरघळवा.

कोळंबी सोलून पाठीतला काळा धागा काढा. मोठ्या पातेल्यात मीठ घातलेलं पाणी खळखळून उकळा, त्यात कोळंबी टाका. पाणी पुन्हा उकळायला लागल्यापासून दोन मिनिटं, मोठी असेल तर तीन. एक काढून मधोमध कापून बघा, आत काचेसारखा भाग दिसायला नको. लगेच थंड पाण्यात टाका, म्हणजे रबरासारखी होत नाही. बर्फ घालायचा तर घरच्या पिण्याच्या पाण्याचाच. मासळीबरोबर आलेला बर्फ अजिबात नाही.

आता काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात तीन-चार लिंबांचा रस, मीठ, बारीक चिरलेली हिरवी मिरची आणि कोळंबी एकत्र करा. पितळ, तांबं, ॲल्युमिनियमची भांडी लिंबाला चालत नाहीत. झाकून वीस मिनिटं फ्रीजमध्ये. एक कांदा उभा पातळ चिरून पाण्यातून काढा, त्याचा उग्रपणा जातो. एक मोठी काकडी, बिया काढलेले दोन टोमॅटो, मूठभर कोथिंबीर घाला आणि लगेच वाढा. थोडा मोसंबीचा रस घातला तर आंबटपणा गोलाईवर येतो. शुगरवाल्यांनी तो टाळावा. कांदा-लसूण चटणी घालायचा मोह होईल. चिमूटभर घाला, कोल्हापूरकरांना कोण अडवणार!

इथे एक गोष्ट घराघरात विचारली जाते. शाफई मजहबात समुद्रातलं खाणं हलाल आहे, म्हणून कोकणातल्या पाहुण्यांना कोळंबीचा प्रश्न पडत नाही. हनफी मजहबात मासाच हलाल मानला जातो आणि कोळंबी मासा आहे की नाही यावर उलेमांची मतं वेगळी आहेत. तुमच्या घरात खात नसतील तर सुरमई किंवा रावसाचे काटे काढलेले तुकडे घ्या, ते वाफवून पूर्ण शिजवा, गार करून मग लिंबात घाला. सुरमई आणि बांगडा मात्र बर्फाविना पडून राहिले तर त्यात हिस्टामाइन तयार होतं. तोंड लाल होणं, पुरळ, डोकेदुखी हा त्रास त्यानेच होतो, आणि ते शिजवूनही जात नाही, लिंबानेही नाही. रोहू-कटला या गोड्या पाण्यातल्या माशांवर तर कच्च्याचा प्रयोग कधीच करू नका.

शुगरचं गणित बघू. शिजलेल्या एका वाटी भातात ४० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात. या डिशमध्ये एका माणसाच्या वाट्याला साधारण सात-आठ ग्रॅम येतात, तीही कांदा-काकडी-टोमॅटोची, आणि प्रथिनं पंधरा ग्रॅमच्या घरात. बिर्याणीच्या आठवड्यात एक रात्र हे खाल्लं तर फरक पडतो. पण जे इन्सुलिन किंवा शुगर उतरवणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांनी नेहमीची भाकरी एकदम बंद करून फक्त हे खाल्लं तर शुगर धोकादायक खाली जाऊ शकते. घाम, थरथर, चक्कर ही त्याची लक्षणं. अर्धी भाकरी सोबत ठेवा आणि डॉक्टरांना विचारूनच बदल करा. किडनीचा त्रास असेल तर प्रथिनांचंही विचारा. बीपी असेल तर मीठ निम्मं, लिंबू चव सांभाळून घेतं. कोळंबीची ॲलर्जी असलेल्यांनी चाखूनही बघू नये.

इफ्तारला ही डिश छान लागते, सहेरीला नको, दिवसभर तहान लागेल. वाढल्यावर दोन तासांत संपवा, एप्रिल-मेच्या उकाड्यात तासाभरात. उरलेली दुसऱ्या दिवशी डब्यात देऊ नका. लिंबू घातलंय म्हणून टिकेल, हाही गैरसमजच. सोललेली ताजी कवचं मात्र फेकू नका. त्याच दिवशी पाण्यात वीस मिनिटं उकळून गाळा, त्यात आमसूल, लसूण आणि मिरी घातली की गरमागरम सार होतं. थंड डिशबरोबर तेच प्यायला द्या.