भोंगा थांबला, शहर वाढले

कोल्हापुरात कोटितीर्थ तलावाजवळून जाताना शाहू मिलची उंच चिमणी दिसते. तिच्यातून धूर निघत नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ साली ही कापडगिरणी उभारली, २००३ साली ती बंद पडली. मिलच्या भोंग्यावर घरोघरी डबे भरले जात, असे जुनी माणसे आम्हाला सांगतात.

गिरणी गेली म्हणून गाव ओस पडले नाही. १९०१ साली सुमारे ५४ हजार वस्तीचे हे शहर २०११ च्या शिरगणतीत ५ लाख ४९ हजारांवर गेले. गुळाची पेठ आहे, दूध आहे, अंबाबाईच्या दर्शनाला येणारे यात्रेकरू आहेत. पण मोठा आधार ओतकामाचा. शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिने बनली, पुढे शिरोली आणि गोकुळ शिरगावला फाउंड्र्या वाढल्या. इथले सुटे भाग परदेशी जातात. उत्तर प्रदेश, बिहारची पोरेही इथे पोट भरायला येतात.

मग गेले काय? पक्की नोकरी गेली. आणि गिरणीतली जागा आपल्या लोकांना सुखासुखी मिळाली नव्हती. मुंबईच्या गिरण्यांत विणखाते अस्पृश्यांना बंद होते, कारण धोट्यातून सूत तोंडाने ओढावे लागे. जास्त मजुरी नेमकी त्याच खात्यात! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढे आणला.

फाउंड्रीत १४०० अंशांचे वितळलेले लोखंड ओतताना जात विचारायला कुणाला सवड नसते. पण पुष्कळ मुले ठेकेदाराच्या हाताखाली असतात. आज काम, उद्या सुट्टी. साच्याच्या वाळूची बारीक धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली तर सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही, आणि तोंडाला बांधलेला रुमाल ती धूळ अडवत नाही.

दहा किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात महिना २१ हजारांपर्यंत पगार असणाऱ्या कंत्राटी कामगारालाही ईएसआय लागू आहे, वीस कामगारांपासून भविष्यनिर्वाह निधीही. ठेकेदाराने पैसे भरले नाहीत, तर जबाबदारी मूळ मालकावर येते.

एका घरी आम्ही विचारले, "मुलाचा पीएफ नंबर काय?"

"ते ठेकेदाराला ठावं," आई म्हणाली. तिच्या सासऱ्यांचा मिलचा बिल्ला मात्र तिने ट्रंकेतून काढून दाखवला. त्यावरचा नंबर तिला पाठ होता.