रिजेक्ट कुठे जातं?

२०१८च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह धरणांनी तळ गाठला आणि यवतमाळ शहर टँकरवर आलं. औषध कारखान्यातलं पाणी शुद्ध करणारं यंत्र पाहायचं, तर ते या जिल्ह्याच्या नजरेने पाहावं. म्हणजे ते किती पाणी देतं याच्या आधी, किती टाकून देतं हे विचारलं जातं.

वाळूचा फिल्टर, सॉफ्टनर, आरओच्या दोन पायऱ्या आणि शेवटी उरलेसुरले क्षार विजेच्या जोरावर ओढून घेणारं ईडीआय, अशी ही साखळी. तयार पाणी टाकीत नुसतं साचवून ठेवत नाहीत. स्टेनलेस स्टीलच्या लूपमधून ते अहोरात्र फिरतं ठेवतात, कारण थांबलेल्या पाण्यात जंतू वाढतात. ईडीआयमधून पाणी बाहेर पडतं तिथे कंडक्टिव्हिटी मीटर असतो. अमेरिकी औषधकोशाची मर्यादा २५ अंश सेल्सिअसला सेंटिमीटरमागे १.३ मायक्रोसीमेन्स. आकडा ठरलेल्या रेषेपलीकडे गेला की व्हॉल्व्ह आपोआप फिरतो आणि पाणी टाकीत जायचं थांबतं. नापास झालेलं हे पाणीही नळाच्या पाण्याहून कितीतरी स्वच्छ असतं. ते गटारात सोडायचं की पुन्हा फीड टाकीत आणायचं, हा फक्त एका पाइपचा प्रश्न आहे. आरओच्या दुसऱ्या पायरीचं रिजेक्ट, म्हणजे तिने टाकून दिलेलं पाणीही असंच परत घेता येतं.

पहिल्या पायरीचं रिजेक्ट मात्र अवघड. १०० लिटर पाणी घेऊन ७५ लिटर शुद्ध मिळवलं, तर उरलेल्या २५ लिटरमध्ये जवळजवळ सगळे क्षार येतात, म्हणजे ते चौपट घट्ट होतात. अनेक ठिकाणी हे पाणी बागेला किंवा संडासाच्या फ्लशला देतात. यवतमाळ जिल्ह्यात बोअरचं पाणी असेल, तर बागेचा मार्ग मला धोक्याचा वाटतो. पांढरकवडा, झरी-जामणी भागातल्या भूजलात फ्लोराइड आहे. पिण्याच्या पाण्यात त्याची कमाल मर्यादा लिटरला १.५ मिलिग्रॅम. बोअरमध्ये २ असेल, तर रिजेक्टमध्ये ते ८च्या आसपास जाणार. तेच जमिनीत मुरवलं, तर पुढे कुणाच्या तरी हातपंपाला लागेल. गावातल्या आरओ प्लांटच्या रिजेक्टलाही हाच हिशेब लागू आहे. कारखान्यात ते तपासून, मानवेल तेवढंच कूलिंग टॉवरला द्यावं.

भांडी धुण्याचं पाणी वेगळंच. पहिल्या धुण्यात औषध असतं. ते सांडपाणी शुद्ध करणाऱ्या ईटीपीकडेच गेलं पाहिजे. शेवटचं धुणं शुद्ध पाण्याचं, जवळपास निर्मळ. ते वेगळ्या टाकीत धरलं, तर त्याच औषधाच्या पुढच्या बॅचनंतरच्या पहिल्या धुण्याला वापरता येतं. अर्थात तपासून आणि तशी पद्धत आधी सिद्ध करून. वाफेचं कंडेन्सेटही बॉयलरला परत जातं. माझ्या मते पाण्याची खरी बचत इथेच होते, प्रवाह एकमेकांत मिसळण्याआधी. एकदा सगळं एका नाल्यात आलं, की लिटरभर औषधी पाणी हजार लिटर चांगलं पाणी घेऊन बुडतं.

शेवटी जे खारट उरतं, ते एमईईमध्ये, म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या भांड्यांत, आटवतात. एका भांड्याची वाफ पुढच्या, कमी दाबाच्या भांड्याला तापवते, म्हणून इंधन वाचतं. तरीही खर्च मोठाच. पाणी वाफेतून परत मिळतं, क्षार मात्र पोत्यांत भरून घातक कचऱ्याच्या केंद्राकडे पाठवावे लागतात. विदर्भात असं केंद्र बुटीबोरीला आहे.