बायचुंग भुतिया : मैदानातून मतदारसंघात

बायचुंग भुतिया यांनी जून २०२४ मध्ये निवडणुकीच्या राजकारणातून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. सिक्कीम विधानसभेच्या बारफुंग मतदारसंघात ते नुकतेच चार हजारांवर मतांनी पडले होते आणि दहा वर्षांतला हा त्यांचा सहावा पराभव होता. भारतीय फुटबॉलचा इतका मोठा माणूस राजकारणातून रिकाम्या हातानं परतला, याची हळहळ मोठीच आहे. पण त्याहून जिव्हारी लागणारी हार त्यांच्या वाट्याला आली ती फुटबॉलच्याच घरात.

दक्षिण सिक्कीममधल्या तिंकिताम गावी १९७६ साली त्यांचा जन्म झाला. भारतीय क्रीडा प्राधिकरणाची शिष्यवृत्ती मिळवून ते गंगटोकला शिकले, १९९२ च्या सुब्रतो चषकात नजरेत भरले आणि पुढच्याच वर्षी कोलकात्याच्या ईस्ट बंगालमध्ये दाखल झाले. मग पंजाबच्या जेसीटीकडून खेळून त्या संघाला पहिली राष्ट्रीय लीग जिंकून देण्यात त्यांनी मोलाचा वाटा उचलला.

१९९७ ते २००८ हा या कारकिर्दीचा खरा काळ. भुतिया पुन्हा ईस्ट बंगालकडे आले होते. १३ जुलै १९९७ रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर फेडरेशन चषकाचा उपांत्य सामना होता, ईस्ट बंगाल विरुद्ध मोहन बागान. बागानचे प्रशिक्षक अमल दत्त यांच्या ‘डायमंड’ रचनेचा तेव्हा बोलबाला होता. सामन्याआधी त्यांनी भुतियांच्या नावाची जाहीर थट्टा केली होती. समोर ईस्ट बंगालचे प्रशिक्षक पी. के. बॅनर्जी. १ लाख ३१ हजार प्रेक्षकांसमोर ईस्ट बंगालनं ४–१ असा विजय मिळवला. त्यातले तीन गोल भुतियांचे होते. क्रिकेटखेरीज दुसरा खेळ या देशात चालत नाही, असं म्हणणाऱ्यांनी त्या दिवसाचा आकडा पुन्हा वाचावा.

१९९९ मध्ये ते इंग्लंडच्या बरी क्लबमध्ये गेले. युरोपातल्या क्लबशी करार करणारे ते पहिले भारतीय. तिथे दुखापती आणि क्लबची आर्थिक ओढाताण यांमुळे तीन हंगामांत ३७ सामने आणि ३ गोल एवढीच नोंद झाली. मायदेशी परतल्यावर, २००३ मध्ये, जकार्तात त्यांच्या ईस्ट बंगालनं थायलंडच्या बीईसी तेरो सासनाला ३–१ असं हरवून आसियान क्लब स्पर्धा जिंकली. ९ गोल करून भुतिया स्पर्धेत अव्वल ठरले. भारतीय क्लबनं परदेशात मिळवलेलं एवढं मोठं यश दुसरं क्वचितच सापडेल. २००७ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली भारतानं दिल्लीत सीरियाला हरवून नेहरू चषक जिंकला. पुढच्या वर्षी एएफसी चॅलेंज चषक जिंकून संघ २७ वर्षांनंतर आशियाई चषकाला पात्र ठरला. त्याच वर्षी, २००८ मध्ये, तिबेटच्या प्रश्नावर भूमिका घेत त्यांनी ऑलिंपिक मशाल हाती घ्यायला नकार दिला. पक्षात जाण्याच्या कितीतरी आधीचं त्यांचं हे सर्वांत स्वच्छ राजकीय कृत्य.

त्या दशकातलं बरंच काही आता उरलेलं नाही. २००५–०६ ची राष्ट्रीय लीग जिंकणारा मुंबईचा महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाला, त्यापाठोपाठ जेसीटीही गेला. २००७–०८ पासून सलग सहा वर्षं आय-लीगचं विजेतेपद गोव्यात राहिलं होतं. त्यातले धेंपो आणि साळगावकर २०१६ मध्ये त्याच लीगमधून बाहेर पडले. खेळाडू घडवणारे हे क्लब एकेक करून गेले, आणि खेळाच्या कारभाऱ्यांनी ते हातावर हात ठेवून पाहिलं.

भुतियांनी २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय फुटबॉल सोडला. २०१४ मध्ये तृणमूल काँग्रेसनं त्यांना दार्जिलिंगमधून लोकसभेला उभं केलं. डोंगरी भागाला गोरखालँड हवं होतं, तृणमूलचा त्याला विरोध होता आणि गोरखा जनमुक्ती मोर्चा भाजपच्या पाठीशी होता. एस. एस. अहलुवालिया यांनी त्यांना जवळपास दोन लाख मतांनी हरवलं. २०१६ मध्ये सिलिगुडीत माकपचे अशोक भट्टाचार्य भारी पडले. २०१८ मध्ये तृणमूल सोडून त्यांनी ‘हाम्रो सिक्कीम’ पक्ष काढला. २०१९ मधल्या तिन्ही लढती गेल्या. अखेर तो पक्ष पवनकुमार चामलिंग यांच्या सिक्कीम डेमोक्रॅटिक फ्रंटमध्ये विलीन झाला.

२ सप्टेंबर २०२२ ची निवडणूक मात्र वेगळी होती. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची धुरा तोवर प्रदीर्घ काळ राजकारण्यांकडेच होती : आधी प्रियरंजन दासमुन्शी, मग प्रफुल्ल पटेल. मुदत उलटूनही निवडणूक न झाल्यानं सर्वोच्च न्यायालयानं पटेल यांना दूर करून प्रशासक समिती नेमली. समितीनं ३६ नामवंत खेळाडूंना मताधिकार देऊ केला. फिफानं त्याला हरकत घेतली, भारतावर बंदी आली, आणि ती उठवून घेताना खेळाडूंची मतं यादीतून गेली. उरली ३४ राज्य संघटनांची मतं. भुतियांच्या अर्जावर सूचक आणि अनुमोदक मिळून दोन संघटना होत्या. मत पडलं एकच. भाजपचे नेते आणि माजी गोलरक्षक कल्याण चौबे ३३–१ असे निवडून आले. महासंघाला पहिल्यांदाच माजी खेळाडू अध्यक्ष मिळाला हे खरं. पण देशाच्या माजी कर्णधाराला आपल्याच खेळात दुसरं मत मिळू नये, ही त्या मतदार यादीची नामुष्की आहे.

नामवंत खेळाडू म्हणून भुतियांना कार्यकारिणीत जागा मिळाली. जुलै २०२४ मध्ये मानोलो मार्केझ यांची राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकपदी निवड झाली. ही निवड करताना तांत्रिक समितीला विचारलंच नाही, असा आक्षेप घेऊन भुतियांनी त्या समितीचा राजीनामा दिला.