क्रोहनचा आजार व आतड्यांचा क्षयरोग यांचे विभेदक निदान

क्रोहनचा आजार आणि आतड्यांचा क्षयरोग या पचनमार्गाच्या दोन वेगळ्या व्याधी असून त्यांची लक्षणे, क्ष-किरण चित्रे आणि कोलोनोस्कोपीत दिसणारे व्रण पुष्कळदा सारखे असतात. क्षयरोग सर्वत्र आढळणाऱ्या भारतासारख्या देशात या दोहोंतील फरक ओळखणे ही पचनसंस्थेच्या वैद्यकातील एक कठीण समस्या मानली जाते.

== पार्श्वभूमी ==
स्कॉटिश शल्यचिकित्सक टी. केनेडी डॅल्झिएल यांनी १९१३ मध्ये क्षयासारख्या दिसणाऱ्या, परंतु क्षयजंतू न सापडणाऱ्या आंत्रदाहाचे वर्णन केले. १९३२ मध्ये न्यूयॉर्क येथील बरिल क्रोहन, लिऑन गिन्झबर्ग व गॉर्डन ओपेनहायमर यांनी हा स्वतंत्र आजार म्हणून मांडला. लहान व मोठे आतडे जेथे मिळतात तो भाग दोन्ही आजारांत वारंवार बाधित होतो. पोटदुखी, वजन घटणे, ताप आणि आतडे अरुंद होणे ही लक्षणे दोहोंतही आढळतात.

== चुकीच्या निदानाचे परिणाम ==
क्रोहनच्या आजारावर स्टेरॉइड किंवा इन्फ्लिक्सिमॅबसारखी प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे दिली जातात. रुग्णास प्रत्यक्षात क्षय असल्यास या औषधांनी तो शरीरभर पसरू शकतो. उलटपक्षी, क्रोहनच्या रुग्णास क्षयरोगविरोधी औषधे दिल्यास योग्य उपचार लांबतो. अशा रुग्णांत आतडे अरुंद होण्याची शक्यता वाढते, असे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०२० मध्ये दाखवले.

== कोलोनोस्कोपीतील निरीक्षणे ==
कोरियातील २००६ च्या एका अभ्यासात कोलोनोस्कोपीच्या आठ खुणा तपासण्यात आल्या. आतड्याच्या लांबीच्या दिशेने गेलेले व्रण, तोंड आल्यासारखे बारीक व्रण, गोट्यांच्या फरसबंदीसारखे दिसणारे अस्तर आणि गुदमार्गाची बाधा या खुणा क्रोहनकडे निर्देश करतात. आडवे व्रण, उघडी राहिलेली झडप, जुने व्रणचिन्ह आणि आतड्याचे चारपेक्षा कमी भाग बाधित असणे या खुणा क्षयाकडे झुकतात. या खुणांच्या आधारे सुमारे ८७ टक्के रुग्णांचे निदान बरोबर ठरले.

बायोप्सीत क्षयजंतू आढळल्यास किंवा मध्यभागी चिजासारखा मृत भाग असलेल्या गाठी दिसल्यास क्षयाची खात्री पटते. मात्र आतड्याच्या नमुन्यात जंतू अनेकदा सापडत नाहीत. त्यामुळे तपासणी नकारात्मक आली तरी क्षय नाही, असे म्हणता येत नाही.

== भारतातील संशोधन ==
मुंबईच्या बॉम्बे हॉस्पिटलमधील दीपक अमरापूरकर व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रत्येकी २६ रुग्णांच्या दोन गटांची तुलना प्रसिद्ध केली. अतिसार, शौचातून रक्त आणि गुदद्वाराभोवतीची बाधा क्रोहनमध्ये, तर ताप व पोटात पाणी साठणे क्षयात अधिक आढळले. दिल्लीतील २०१० च्या अभ्यासाने रक्तस्राव, वजन घटणे, सिग्मॉइड आतड्याची बाधा व बायोप्सीतील दाहाचे स्वरूप यांवर आधारित गुणांकन पद्धती मांडली.

== उपचाराला प्रतिसाद ==
निदान अनिश्चित राहिल्यास अनेकदा आधी क्षयरोगविरोधी औषधे देऊन प्रतिसाद पाहिला जातो. २०१७ च्या दिल्लीतील अभ्यासानुसार केवळ लक्षणे कमी होणे हा विश्वसनीय पुरावा नाही. क्रोहनच्या काही रुग्णांनाही सुरुवातीस बरे वाटते. व्रण भरून येणे हा त्याहून भक्कम पुरावा असून, तो पुन्हा कोलोनोस्कोपी केल्यावरच दिसतो. क्षयाचे व्रण उपचारांनी भरतात, क्रोहनचे क्वचितच भरतात. चंदीगड येथील संशोधकांच्या मते हा फरक दोन महिन्यांतच ओळखता येतो. त्यामुळे निष्कर्षासाठी सहा महिने थांबण्याची गरज कमी होते.

== व्यवहारातील अडचणी ==
कोलोनोस्कोपीपूर्वी रेचक घेऊन आतडे पूर्ण स्वच्छ करावे लागते. सोलापूर जिल्ह्यातील करमाळ्यासारख्या तालुक्यातून शंभराहून अधिक किलोमीटर अंतरावरील जिल्ह्याच्या शहरी यायचे, तर हा प्रवास रेचक घेतलेल्या रुग्णास जड जातो. त्यामुळे बरे वाटू लागलेला रुग्ण दुसऱ्या तपासणीस न येण्याची शक्यता असते आणि चुकीचे निदान तसेच राहू शकते. म्हणून रक्तातील सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रथिन व शौचातील कॅल्प्रोटेक्टिन यांची घट मोजून प्रतिसाद ठरवण्यावरही संशोधन होत आहे.